मागदाबाईंच्या शोकसभेचा वृत्तांत

सहा वर्षांपूर्वी मला इस्रायलहून एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. पत्र मराठीत होतं, अक्षर मोठं आणि सुटं सुटं, दुसरीतल्या मुलाने काढावं तसं, आणि पहिलंच वाक्य होतं, "श्री. माधवराव कंधारकर यांस, मी मेलेली नाही."

असल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं असतं? "वाचून आनंद झाला" असं लिहिलं तर आधी काय वाटत होतं, असा प्रश्न येतो. "क्षमस्व" लिहिलं तर त्या जिवंत आहेत याबद्दल मी दिलगीर आहे असं दिसतं. मी दोन्ही लिहून पाहिलं आणि दोन्ही फाडलं.

झालं होतं ते असं. मी जन्मभर हैदराबादला नारायणगुड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, एवढंच माझं बाहेर जाणं. तिथे एक पातळ इंग्रजी पुस्तिका मिळाली. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या आणि पुढे इस्रायलला स्थायिक झालेल्या बायकांच्या आठवणी होत्या तिच्यात. एकीचं नाव होतं मागदा झिराडकर. मी तिथेच थबकलो. झिराड तर आपल्या अलिबागजवळचं गाव! वाचलं तेव्हा उलगडा झाला. मागदाबाई मूळच्या हंगेरीच्या. पंधराव्या वर्षी बर्गन-बेल्झनच्या छावणीतून त्या जिवंत बाहेर पडल्या, पुढे इस्रायलला गेल्या आणि तिथे कोकणातून आलेल्या एका बेने इस्रायली मुलाशी त्यांनी लग्न केलं. म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरात पडल्या.

त्यांची चौदा पानं मी आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मराठीत आणली. खरं सांगायचं तर दहाच आणली. शेवटची चार गाळली.

अंक छापायला जायच्या वेळी मंडळाचे चिटणीस एकनाथराव यांचा फोन आला. "माधवराव, या बाई हयात आहेत ना? नावाआधी काय लावू?"

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" एवढं म्हणायला हवं होतं. पण ग्रंथपालाने माहीत नाही म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. मी मनात हिशेब केला. पुस्तिका जुनी, बाईंना टायफस झालेला, त्यांनी इतकं सोसलेलं. म्हणालो, "नसाव्यात."

'नसाव्यात' आणि 'नाहीत' यांत एकनाथराव फरक करत नाहीत. अंकात छापून आलं, "कै. मागदाबाई झिराडकर". मध्ये कार्यकारिणीत अर्धा तास चर्चाही झाली म्हणे. ज्यू बाईंना कैलासवासी म्हणावं का? कुणी म्हणालं स्वर्गीय म्हणा, कुणी म्हणालं दिवंगत म्हणा. शेवटी "कै. सगळ्यांना चालतं" असं बहुमताने ठरलं. बाई गेल्या आहेत का, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

मग एकनाथरावांनी शोकसभा ठेवली. पुस्तिकेतला फोटो मोठा करून आणला, त्याला हार घातला, समोर उदबत्ती लावली. आमच्या मंडळाला व्याख्यानाला वीस माणसं जमवताना नाकीनऊ येतात, पण शोकसभेला साठ आली. मीही बोललो. बोलताना मी रडलो आणि लोकांनी मान हलवली.

अंकाची एक प्रत, मंडळाच्या पत्रकासकट, कुणाच्या तरी ओळखीने इस्रायलमधल्या डिमोना गावी पोचली. आणि मग ते पत्र आलं.

"भाषांतर चांगलं आहे," त्यांनी लिहिलं होतं. "नावाआधी कै. आहे ते काय, म्हणून शेजारच्या रेबेकाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मग त्यांना खुर्चीतून उठता येईना इतक्या हसल्या. मराठी मला माझ्या सासूबाईंनी शिकवली, पण तेवढं एक सांगायचं राहिलं. कैलास कुठे आहे ते मी नकाशात पाहिलं. तिथे फार थंडी असते. मी वाळवंटात राहते.

"पत्रकात वाचलं की तुम्ही माझी शोकसभा घेतली. तर दोन गोष्टी कळवा. एक, कोण काय बोललं ते सगळं. मेलेल्या माणसाला हे कधी ऐकायला मिळत नाही. मला मिळतंय तर मी का सोडू? चहाबरोबर काय होतं तेही लिहा. दुसरं, माझी शेवटची चार पानं कुठे गेली? छावणीचं फाटक उघडलं तिथे तुम्ही थांबलात. फाटक उघडलं तेव्हा मी झोपले होते. माझी गोष्ट त्याच्यानंतर आहे. फोन करू नका, मला ऐकू येत नाही. लिहा."

उत्तर आज लिहू, उद्या लिहू, असं करता करता वर्ष गेलं. तोवर एकनाथरावांनी दरवर्षी "कै. मागदाबाई झिराडकर स्मृती व्याख्यान" सुरू केलं होतं. पुण्यतिथी म्हणून त्यांनी शोकसभेचीच तारीख धरली. आणि मी, ज्याच्या टेबलाच्या खणात बाईंचं स्वतःच्या हातचं पत्र होतं, तो मी प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलो. तीनदा आभारप्रदर्शन केलं. एकदा त्यांच्या स्मृतीला वंदन करताना माझ्याच्याने पुढे बोलवेना, तेव्हा एकनाथरावांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "तुमचं मन फार हळवं."

घरी कुणाला बोललो नाही. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही.

मागच्या मार्च महिन्यात एका सकाळी पोस्टमन आला. पाकीट कुसुमने घेतलं. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. ती पाकीट डोळ्यांजवळ धरून दारातच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही गेलात."

"कुठे?"

"कैलासाला. इथे लिहिलंय."

आमची नात प्रणिता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करत होती. तिने कानातले इअरफोन काढले. "काय लिहिलंय?"

"बघ ना. कै. श्री. माधवराव कंधारकर, बरकतपुरा, हैदराबाद."

मराठी अक्षरं प्रणिता एकेक लावून वाचते. तिने ती लावली. "कै. म्हणजे काय आजी?"

"म्हणजे आजोबांना आजपासून शुगरची गोळी नक्को."

"अगं, आण इकडे," मी म्हणालो. मी उठून हात पुढे केला. अक्षर मी लांबूनच ओळखलं होतं.

"तुमचं कसं देऊ? ज्याच्या नावावर आलंय तो माणूस नाही," कुसुम म्हणाली. "वारस मी आहे." आणि तिने पाकीट फोडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"माधवरावांच्या घरच्यांना नमस्कार. सहा वर्षं उत्तर आलं नाही. तेव्हा माणूस गेला असणार असं मी हैदराबादच्या पद्धतीने ठरवलं. मागच्या आठवड्यात आम्ही आमच्या इथल्या मराठी बायका जमलो आणि त्यांची शोकसभा घेतली. फोटो नव्हता, म्हणून त्यांचा लेख पाटावर ठेवला. दोन मिनिटं शांत बसायचं होतं, पण रेबेकाबाईंना हसू आवरेना, म्हणून पाऊण मिनिटात आटोपलं. मी भाषण केलं. चांगलं झालं. बायका रडल्या.

"माधवराव असतील, तर त्यांना सांगा, माझी शोकसभा पाठवा, मी तुमची पाठवते. असल्याचं कळलं तर आम्ही मलिदा करू." म्हणजे पोहे, खोबरं, साखर आणि फळं ताटात मांडून देवाचे आभार मानतात तो, असं त्यांनी कंसात समजावलं होतं, जणू हैदराबादला खोबरं मिळत नसावं. "पण लवकर करा. वीस एप्रिलला माझ्या हृदयात नवी झडप बसवणार आहेत. मी त्र्याण्णव वर्षांची आहे. डॉक्टर हसून बोलतो, म्हणजे त्याला खात्री नाही. त्याआधी मला वाचायचं आहे. माझी चार पानंही. मागदा."

कुसुमने कागद खाली केला. "ही मागदा म्हणजे आपली ती? फोटोतली?"

मी मान हलवली.

"जिचा हार दरवर्षी मी ओवते?"

"हो."

"माझ्या हाताने? जित्या बाईला?"

"मला सांगायचं होतं..."

"आणि आधीचं पत्र कुठे आहे?"

मी खणातून काढून दिलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. प्रणिता खांद्यावरून वाकून पाहत होती, कुठल्या तरी शब्दावर अडकत होती आणि आजीला विचारत होती. मला वाटलं, आता कुसुम बोलेल ते मला पुरेल. पण तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतेय. मग ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "फाटक उघडलं तेव्हा झोपले होते म्हणे! आणि तुम्ही रडत होतात तिथे माईकसमोर!"

"आजोबा," प्रणिता म्हणाली, "सहा वर्षं? तुम्ही बाईंना सहा वर्षं सीन करून ठेवलं?"

"काय करून?"

"वाचायचं आणि गप्प बसायचं. माझ्या फ्रेंडशी कुणी असं केलं असतं ना, तर मी त्याला ब्लॉक केलं असतं. त्यांनी तुमची शोकसभा घेतली. बऱ्या आहेत त्या."

"वीस एप्रिल," कुसुम हसू पुसून म्हणाली. "ऐकलंत का? तेवढं तरी ऐकलंत का?"

ऐकलं होतं. बाकीचं सगळं वरून वाहून गेलं आणि ती तारीख तेवढी राहिली. सहा वर्षं मी एका जिवंत बाईला वाट पाहायला लावली होती. आता उत्तर वेळेत पोचलं नाही, तर मी छापलेलं खरं व्हायची वेळ आली होती. आणि छापणारा पुन्हा मीच.

कोण काय बोललं ते मला सगळं आठवत नव्हतं. ते मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत होतं आणि वही एकनाथरावांकडे. म्हणजे आधी त्यांना सांगणं आलं.

दुसऱ्या दिवशी मी हिमायतनगरला मंडळाच्या वाचनालयात गेलो. एकनाथराव ऐंशीचे आहेत, पण काठी धरत नाहीत. ते एका मोठ्या फ्लेक्सची घडी उलगडत होते. येत्या रविवारी सातवं स्मृती व्याख्यान होतं.

"या, या माधवराव. बघा, यंदा रंगीत केलाय."

"एकनाथराव, मागदाबाई जिवंत आहेत."

"कोणत्या मागदाबाई?"

"आपल्या." मी भिंतीकडे बोट दाखवलं.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत फोटोकडे, जणू तिथून काही उत्तर येईल.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत?"

"सहा वर्षं."

ते हळूच खुर्चीत बसले. फ्लेक्सचं एक टोक त्यांच्या मांडीवर आलं. त्यावर कै. हे अक्षर फूटभर उंच होतं. "छापून आलाय हो," ते पुटपुटले. "पाहुणे सोलापूरहून निघतील शनिवारी." मग वर बघून म्हणाले, "बाईंची काही हरकत?"

"कशाला?"

"व्याख्यानाला."

"त्यांची हरकत नाही कशालाच. त्यांना फक्त शोकसभेत कोण काय बोललं ते लिहून हवंय. वही द्या."

त्यांनी कपाटातून वही काढली, पण हातातच ठेवली. "मी म्हणालो होतो की बाईंना मी जवळून ओळखत होतो."

"हो."

"आणि त्यांनी मला एकदा हैदराबादी बिर्याणीबद्दल विचारलं होतं, असंही बहुतेक..."

"बहुतेक नाही. म्हणालात."

"तेही लिहिणार?"

"त्यांनी सगळं मागितलंय."

"असं करा, 'त्यांच्याशी ओळख असल्यासारखं वाटतं', असं लिहा."

"नाही," मी म्हणालो.

चाळीस वर्षांच्या ओळखीत एकनाथरावांना मी पहिल्यांदा नाही म्हटलं असेन. दोघेही चमकलो. मग त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. पाण्याच्या नळात हवा अडकल्यावर येतो तसा. ते हसत होते. "सहा हार," ते म्हणत होते, "सहा वर्षं सहा हार, माधवराव! आणि त्या तिकडे जेवतायत, झोपतायत!" मलाही राहवेना. वाचनालयात बसलेल्या एकमेव वाचकाने वर्तमानपत्र खाली करून आमच्याकडे रागाने पाहिलं आणि "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवलं. ती पाटी मीच लिहून दिलेली आहे. आम्ही दोघे म्हातारे तोंडावर हात धरून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने एकनाथराव आत जाऊन स्टुलावर चढले आणि त्यांनी फोटोचा हार उतरवला. मी खाली स्टूल धरून उभा होतो. हार हातात घेऊन कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी तो त्यांनी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

घरी येऊन मी वृत्तांत लिहायला बसलो. ते सोपं गेलं, वहीत सगळं होतं. कोण किती मिनिटं बोललं, कोणाच्या भाषणात लाईट गेली, दोन मिनिटांची स्तब्धता पन्नास सेकंदांत का संपली (चहा आला). उस्मानिया बिस्किटं आणि मिरची भजी, भजी कमी पडली. मी स्वतः काय बोललो तेही जसंच्या तसं उतरवलं. "फाटक उघडलं, मागदाचे डोळे भरून आले, आणि तिने आकाशाकडे पाहिलं." मूळ पुस्तिकेत असं काही नव्हतं. ते आकाश माझं होतं.

मग ती चार पानं. पुस्तिका काढली आणि सहा वर्षांनी पुन्हा वाचली. त्या पानांत मुली हसत होत्या. एवढ्या मोठ्या मरणाच्या शेजारी त्या खिदळत होत्या, आणि तेव्हा मला वाटलं होतं, आमच्या वाचकांना हे कसं वाटेल? ते अवघडतील. बाईंच्या दुःखावर त्यांचा विश्वास बसणार नाही. मी वाचकांना जपतोय असं तेव्हा म्हणालो असतो. आता वाटतं, घाबरलो होतो मीच. रडणाऱ्या माणसापुढे कसं बसायचं हे मला येतं, मान खाली घातली की झालं. हसणाऱ्यापुढे तोंड वर करावं लागतं.

तीन दिवस लागले. जमलं की नाही मला सांगता येत नाही. थोडं इथे देतो.

"इंग्रज आले तेव्हा मी तापात होते. माझी धाकटी बहीण पिरी आठ दिवस आधी गेली होती. आठच दिवस. त्याचा राग मला अजून येतो. शेजारी इलोना होती, आमच्याच गावची. एक डॉक्टर आमच्या बराकीत आला. जी जगेल असं त्याला वाटे तिच्या कपाळावर तो लाल फुली काढी, म्हणजे तिला आधी इस्पितळात नेता येईल. सगळ्यांना एकदम न्यायला माणसं नव्हती. इलोनाच्या कपाळावर त्याने फुली काढली. मला पाहिलं आणि पुढे गेला.

"इलोनाने डोकं वळवलं आणि आपलं कपाळ माझ्या कपाळावर घासलं. रंग ओला होता. स्ट्रेचरवाले आले तर दोघींच्या कपाळावर पुसट पुसट, अर्धी अर्धी फुली. ते बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोघींना एकाच स्ट्रेचरवर घातलं. दोघी मिळून एका माणसाएवढ्याही भरत नव्हतो. मला हसू आलं. आवाज नाही, नुसतं पोट हललं. इलोना म्हणाली, गप्प बस, हसलीस तर त्यांना कळेल की माझी अर्धी फुली चोरलीस.

"इस्पितळात एक गोड पेज द्यायचे. दुधाची पावडर, पीठ, साखर. कुणीतरी सांगितलं की बंगालच्या दुष्काळात लोकांना हेच दिलं होतं. भारताची आणि माझी ती पहिली ओळख, आणि मी ती थुंकून टाकली. आम्ही हंगेरीच्या मुली, इतकं गोड आम्हाला जाईना. मग एक दिवस पेजेत पापरिका आली, आमच्याकडचं लाल तिखट. वॉर्डभर चमच्यांचा आवाज सुरू झाला. एक मुलगी बेंबीच्या देठापासून ओरडली, 'जळजळतंय!' आणि बाकीच्या म्हणाल्या, 'अजून!' पिरीला तिखट फार आवडायचं. मी खात होते, नाक वाहत होतं, आणि मला कळत नव्हतं की हे कशाने.

"उन्हाळ्यात आम्हाला बोटीने स्वीडनला नेलं. तिथे मी चालायला शिकले. नर्सची औषधांची ढकलगाडी धरून आम्ही तिघी निघालो. गाडी पुढे गेली, आम्ही मागे राहिलो, एकीवर एक पडलो. उठायला पायांत जोर नव्हता, आणि जो होता तो हसण्यात गेला. नर्स धावत आली आणि ओरडली, इथे आजारी माणसं आहेत! इलोना फरशीवरूनच म्हणाली, कुठे आहेत, दाखवा, आम्ही भेटायला जातो.

"हसताना मनात यायचं, हे बरोबर नाही. आई नाही, पिरी नाही, आणि तू हसतेस. पण थांबता यायचं नाही. मी जगणार आहे हे शरीराला आधी कळलं, मला मागाहून. लोक विचारतात, तुमची सुटका कधी झाली? मी पंधरा एप्रिल सांगते, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं आहे. पण खरी सुटका त्या फरशीवर झाली, ढकलगाडीच्या मागे."

पक्की प्रत प्रणिताने वाचली. मीच म्हटलं, तू वाच. अडखळत, एकेका जोडाक्षराला थांबत तिने वाचलं. स्ट्रेचरपाशी आली आणि तिचा आवाज फुटला, हसू आणि काय काय एकदम. कुसुम भाजी निवडत होती, ती निवडायची थांबली होती. "पेजेत तिखट," ती म्हणाली, "बरोबरच आहे. नुसती गोड पेज कशी जाईल?" आणि मग ताट बाजूला सारून, "हे तुम्ही गाळलं होतंत? हे?"

"हो."

"हौले आहात तुम्ही." हैदराबादेत साध्याभोळ्या वेड्याला असं म्हणतात. पन्नास वर्षांच्या संसारात तिने मला बरंच काही म्हटलंय, पण हे इतक्या मायेने कधी म्हटलं नव्हतं.

पत्राची सुरुवात राहिली होती. सहा वर्षं मी तिथेच अडलो होतो, आणि आताही दोन कागद गेले. प्रणिता म्हणाली, "आजोबा, चूक तुमची आहे ना? मग तसंच लिहा. मग पुढे." मी तसंच लिहिलं. "मागदाबाई, चूक माझी. तुम्ही जिवंत आहात हे मला सहा वर्षं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. सोबत तुमची शोकसभा आणि तुमची चार पानं. ती आता आमच्या पुढच्या अंकात छापू, तुमच्या नावाआधी काहीही न लावता. ऑपरेशनला जाण्याआधी तिखट काही खाऊन घ्या, डॉक्टरांनी परवानगी दिली तर. तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात ते कळवाल का? मला फार उत्सुकता आहे."

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं. आपल्याबद्दल कुणी काय बोललं हे विचारणं मला शोभत नाही. कुसुमने पेन हातातून घेतलं आणि ते वाक्य पुन्हा नीट लिहिलं, तिच्या अक्षरात.

रविवारी मंडळात व्याख्यान झालं. एकनाथरावांनी फ्लेक्सवरच्या कै. वर पांढरा कागद चिकटवला होता. त्यांनी माईक हातात घेऊन सगळ्यांना खरं सांगितलं, आणि मग लोक टाळ्या वाजवत उठले. कशासाठी ते कुणालाच सांगता आलं नसतं. सोलापूरचे पाहुणे गोंधळून गेले. स्मृतीला वाहिलेलं भाषण ते आधीच लिहून आले होते.

सोमवारी, तीन एप्रिलला, मी आणि प्रणिता काचीगुड्याच्या पोस्टात गेलो. पाकीट जाड झालं होतं. काउंटरवरच्या बाईंनी ते वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला. "इस्राईल? आठ-दस दिन, अंकल."

मी बोटांवर मोजलं. तीन आणि दहा, तेरा. वीसच्या आत. "नक्की?"

"नक्की."

"एक मिनिट," मी म्हणालो आणि पाकीट उचललं. पिनकोड बरोबर आहे का पाहिलं. बरोबर होता. परत ठेवलं. मग वाटलं, चौथ्या पानावर इलोनाच्या नावात काही चुकलं तर नाही? परत उचललं.

"आजोबा," प्रणिता म्हणाली.

"फक्त बघतो."

"पाकीट बंद आहे. काय बघणार?"

मागच्या रांगेतून कुणीतरी तेलुगूत काहीतरी म्हणालं आणि चारपाच जण हसले. मलाही हसू आलं. पोटातून आलं, थांबेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पोस्टाच्या काउंटरला धरून हसतोय आणि हातातलं पाकीट सोडत नाही, असं ते दृश्य असणार. काउंटरवरच्या बाईंनी जाळीखालून हात पुढे केला आणि पाकिटाचं दुसरं टोक धरलं.

"छोडो ना, अंकल."

मी सोडलं. त्यांनी दोन शिक्के मारले, पावती प्रणिताकडे सरकवली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.

"आता परत घेता येईल का?" मी विचारलं.

"नै अंकल," त्या म्हणाल्या, "गया वो."